जनरेटर शेवटचा कधी चालवला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सिस्टर होते, आता निवृत्त आहे. मृग लागला की अजूनही मला रात्री जाग येते. त्याचं कारण तुम्हाला सांगायचं आहे.

अशाच एका जूनच्या रात्री बाळंतपण सुरू होतं. बाळ आलं, पण रडेना. नाका-तोंडातला चिकटा ओढून काढायला सक्शन मशीन लावलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखा तेवढा चालू राहिला, बाळाला ऊब देणारा वॉर्मर आणि सक्शन दोन्ही बंद. शिपाई भर पावसात मागे धावला. जनरेटर होता, टाकीत डिझेलही होतं, पण स्टार्टरची बॅटरी उतरलेली. किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज. पायाने चालवायचं जुनं सक्शन कपाटात होतं म्हणून निभावलं. बाळाला पुसलं, टोपी घातली, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वर दोन चादरी टाकल्या. तो मुलगा आज शाळेत जातो. पण त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे मला माहीत नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

साहेब, वरून माहिती मागवली जायची तेव्हा ‘जनरेटर आहे का’ या प्रश्नापुढे आम्ही दर वर्षी ‘आहे’ असंच लिहिलं. ते खोटं नव्हतं. शेवटचा कधी चालवला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

इन्व्हर्टरचंही तसंच. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत नवी असताना सुमारे 1800 वॅट-तास वीज मावते. वॉर्मर पूर्ण तापवताना 600 वॅट किंवा जास्तच ओढतो. भागाकार केला तर तीन तास येतात, पण लेड-अॅसिड बॅटरी तळापर्यंत उतरवता येत नाही, इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर न घातलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत निम्मीही उरत नाही. त्यावर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर जोडला तर आणखी साडेतीनशे वॅट. ट्यूब-पंख्यासाठी घेतलेला इन्व्हर्टर हे पेलू शकत नाही.

लसींची काळजी लोकांना जास्त वाटते. खरं तर आयएलआर, म्हणजे लसींसाठीचा बर्फाच्या अस्तराचा फ्रिज, चांगला असेल तर 24 तासांत 8 तास वीज मिळाली तरी 2 ते 8 अंश तापमान धरून ठेवतो. पण 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा आयएलआर काय करणार? आणि घाईघाईत लस थेट बर्फाला टेकवून ठेवली की पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस-बी अशा लसी गोठून वाया जातात. बाटलीकडे नुसतं पाहून ते कळेलच असं नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं नव्या खरेदीचं नाही. दर पंधरा दिवसांनी जनरेटर अर्धा तास लोडवर चालवावा, म्हणजे मेन स्विच पाडून, वॉर्मर, सक्शन, फ्रिज सगळं त्याच्यावर घेऊन. रिकामा पाच मिनिटं धडधडवून काहीच कळत नाही. त्याची वही असावी आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी ती उघडावी. या डिझेलसाठी आणि बॅटऱ्या बदलण्यासाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटात स्वतंत्र तरतूद, हवं. आमच्याकडे डिझेल रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून यायचं आणि त्याच पैशातून फिनेल, झाडू, नळदुरुस्तीही. मार्च आला की टाकी कोरडी. बाळंतपणाच्या खोलीची बॅटरी स्वतंत्र असावी, तिच्यावर पंखा नको. आणि जिथे पुराचं पाणी चढतं, त्या महाड-चिपळूणच्या पट्ट्यात जनरेटर जमिनीवर ठेवू नका, चौथरा बांधा. 2021 च्या जुलैतलं पाणी किती वर गेलं होतं, याच्या खुणा तिथल्या भिंतींवर लोक आजही दाखवतात.

शेजारच्या छत्तीसगडने शेकडो आरोग्य केंद्रांच्या छपरांवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या. आपल्या दुर्गम केंद्रांसाठी तो मार्ग चांगला आहे, फक्त बॅटरीची देखभाल कोण करणार हे पॅनेल चढवायच्या आधी ठरवा.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मी समजू शकते. पण एक आदेश या आठवड्यात निघू शकतो. पाऊस सुरू व्हायच्या आत राज्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राने मेन स्विच पाडून अर्धा तास काम करून पाहावं, आणि काय काय बंद पडलं त्याची यादी तुमच्याकडे पाठवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर