नागचाफा फुलला, काका

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या परसातल्या नागचाफ्याला या चैत्रात पहिली फुले आली. हे झाड तुमच्यामुळे उभे आहे, म्हणून तुमचे आभार सर्वांसमक्ष मानावेत असे वाटले.

१४ वर्षांपूर्वी विकत आणलेल्या बिया मी दोनदा पेरल्या आणि दोन्ही वेळा कुंडी रिकामीच राहिली. उरलेली एक बी तुम्ही कानाशी धरून हलवलीत. आतला गर सुकून खुळखुळत होता. नागचाफ्याची बी तेलकट असते, ती वाळली की रुजण्याची आशा फारशी उरत नाही, हे तेव्हा मला कळले. पुढे फळे तडकल्यावर देवळामागच्या झाडाखाली वेचलेल्या सात ताज्या बिया तुम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतः आणून दिल्यात. त्यांतल्या तीन रुजल्या.

सोटमूळ पिशवीत वळण्याआधी रोपे जमिनीत लावायला लावलीत, आणि पहिले तीन उन्हाळे त्यांच्यावर झावळ्यांची सावली तुम्हीच येऊन बांधलीत. एक रोप वाळवीने गेले, एक गुरांनी खाल्ले. उरलेले चौथ्या वर्षीही गुडघ्याएवढेच होते, म्हणून मी खताचा मारा करायला निघाले, तेव्हा ज्याचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड व्हायचे आहे त्याला घाई करू नये, असे सांगून तुम्ही मला थांबवलेत. शास्त्रीय नावातल्या ‘फेरिया’चा अर्थच लोखंडाचा, हेही तुमच्याकडूनच समजले. एकदा शेंड्याची पाने लाल होऊन लोंबू लागली, तेव्हा रोग पडला असे समजून मी रडवेली झाले होते. तुम्ही ते मऊ पान माझ्या बोटांत देऊन, ही तर नवी पालवी, म्हणालात.

परवा पहाटे चार पांढऱ्या, किंचित चुरगळल्यासारख्या पाकळ्या उघडल्या होत्या आणि मधोमध पिवळ्याधमक केसरांचा झुबका होता. हेच केसर वाळवले की वैद्यांचे नागकेशर होते. मसाल्यात सहसा पडते ते काळे नागकेशर दालचिनीच्या कुळातले, हा तुम्ही समजावलेला फरक आता मी स्वयंपाकघरात सर्वांना सांगते.

पहिले फूल आईने देवापुढे ठेवले. झाडावर अजून पाच कळ्या आहेत, आणि फूल एकच दिवस टिकते. तेव्हा या आठवड्यात सकाळी लवकर, उन्हे चढण्याआधी, आमच्याकडे या.

आपली कृतज्ञ,
सिंधुदुर्गातील तुमची शेजारीण