पगार नाही, तरी जातो

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पगार नाही, तर रात्री-बेरात्री धावतोस कशाला?" तेवढ्यात आईने जेवणाचं विचारलं आणि उत्तर राहून गेलं.

इकडे अमेरिकेत अग्निशमन दलातले जवळपास दोन तृतीयांश लोक बिनपगारी स्वयंसेवक आहेत. १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात असं दल काढलं, इतकी जुनी रीत. आमच्या दलात सुतार आहे, शाळेची बस चालवणारी बाई आहे, मी आहे. नाव आगीचं, पण निम्म्याहून जास्त कॉल दुखण्याखुपण्याचे असतात. ॲम्ब्युलन्स लांबून येते, आम्ही आधी पोचतो.

मध्यंतरी एका आजोबांकडे गेलो. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले, घामाने बनियन चिंब, बायकोलाच "तू कोण?" म्हणून विचारत होते. साखर तपासली तर पार उतरलेली. गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोजची जेल थोडी थोडी तोंडात दिली. पंधराएक मिनिटांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. बाबा, टेबलावर अगदी तुमच्यासारखाच गोळ्यांचा डबा होता.

त्या रात्रीचा दलाला एक पैसाही मिळाला नाही. विमा बहुतेक वेळा पेशंटला दवाखान्यात नेण्याचे पैसे देतो, घरी येऊन सावरण्याचे नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. जेल, ऑक्सिजन, हातमोजे, सगळं विकतच आणावं लागतं. हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे पॅड न वापरताही मुदत संपली की फेकावे लागतात. मग आम्ही रविवारी चिकन भाजून विकतो, बिंगो ठेवतो, गणपतीची वर्गणी मागावी तसे दारोदार फिरतो. नवा बंब पाच लाख डॉलरच्या वर जातो. तो अशा पैशांतून कधी यायचा, ही काळजी आहेच.

पण मी जातो त्यामागे नागपूरच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी आपल्या घरात शिरलं, तेव्हा मी इथे नुसता फोन धरून बसलो होतो. तुम्हाला गच्चीवर नेलं ते मागच्या गल्लीतल्या पोरांनी. त्यांना कोण पगार देत होतं? साधी दोरीही नव्हती त्यांच्याजवळ, आई, तूच सांगितलंस.

त्या पोरांना कोणीतरी नीट शिकवायला हवं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे, म्हणजे जाणकार माणसं गावातच आहेत. बाबा, कॉलनीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. एक रविवार सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकण्यासाठी ठेवा. हृदय बंद पडलं की काही केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबणं कॉलेजातल्या पोरांना सहज जमतं. रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, असं कोणी म्हणालं तर सांगा, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालंय.

आणि तुमच्यापुरतं. रात्री छातीत कळ आली तर स्कूटर काढायची नाही. १०८ लावायचा, पत्त्यासोबत जवळची खूण सांगायची, फाटकाचं कुलूप काढून बाहेरचा दिवा लावायचा. आई, ग्लुकोजचं पाकीट उद्याच आणून बाबांच्या उशाशी ठेव.

तुमचा,
अमोल