पावसाळ्यात पॉलिएस्टर

फोंडा, गोवा
२२ जून

प्रिय सुबोध,
सप्रेम नमस्कार.

वनस्पतीजन्य पॉलिएस्टर करून बघायचेच असेल, तर पॉलिब्युटिलीन सक्सिनेटपासून सुरुवात कर. ते ज्यांपासून बनते ती सक्सिनिक आम्ल आणि ब्युटेनडायॉल, दोन्ही साखर आंबवून मिळतात. विकत घेताना मूळ मात्र विचार. तीच द्रव्ये पेट्रोलियमपासूनही होतात आणि फरक कार्बन-१४ मोजल्यावरच कळतो (तो वनस्पतीत असतो, पेट्रोलियममध्ये नाही).

अर्ध्या लिटरच्या तीनतोंडी फ्लास्कमध्ये आम्ल ११८ ग्रॅम आणि डायॉल ९९ ग्रॅम घे. रेणूंच्या हिशेबाने डायॉल दहा टक्के जास्त, कारण आम्लामुळे त्यातला थोडा टेट्राहायड्रोफ्युरॉन होऊन उडतो. आत नायट्रोजन वाहता ठेवून हळूहळू १९० अंशांवर ने. हिशेबाने ३६ ग्रॅम पाणी निघते, पण उतरलेल्या द्रवात टेट्राहायड्रोफ्युरॉनही असतो, म्हणून ३६ भरले की झाले असे समजू नकोस. (हा द्रव पेटतो, हीटरपासून लांब ठेव.) आम्लांक काढ (एक ग्रॅम मालातले उरलेले आम्ल शमवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते तो आकडा). ३० आला तर आम्ल ९५ टक्केच संपलेय. १०च्या आसपास उतरू दे.

उत्प्रेरक त्यानंतरच. टायटॅनियम ब्युटॉक्साइड ०.३४ ग्रॅम, थोड्या कोरड्या ब्युटेनॉलमध्ये विरघळवून, माल १५० अंशांवर आणून सिरिंजने सोड. आपल्याकडच्या जूनच्या हवेत बाटली उघडी राहिली की त्यावर पांढरा थर धरतो. तो निकामी झालेला उत्प्रेरक. फ्लास्कमध्ये पाणी असताना घातलास तरी तीच गत.

रेणूंची खरी साखळी व्हॅक्युममध्ये वाढते. आम्ल आणि डायॉल समप्रमाणात असतील, तर आम्ल ९५ टक्के संपल्यावर सरासरी २० घटक जोडले जातात, ९९ टक्क्यांना १००; डायॉल जादा असेल तर साखळी याहून आखूड राहते. साखळ्यांच्या टोकांची अदलाबदल होऊन जादा डायॉल इथेच बाहेर पडतो. २३० अंश, १ मिलिबारखाली, तीन-चार तास. दाब पाऊण तास घेऊन उतरव. घाई केलीस तर दूध उतू जावे तसा फेस कंडेन्सरमध्ये चढतो आणि तिथेच गोठतो. पंपाआधी कोल्ड ट्रॅप (वाफा थंड करून अडवणारे भांडे) हवाच. माल पिवळा पडला तर आधी सांध्यांतून हवा शिरतेय का ते बघ. तापमान वाढवून वेळ वाचवायला जाऊ नकोस, साखळ्या तुटतात.

ढवळणी जड होऊन मोटर कण्हू लागली की आत नायट्रोजन सोड आणि गरम असतानाच माल स्टीलच्या ताटात ओत. तो ११५ अंशांना वितळतो. फ्लास्कमध्येच निवू दिलास तर आकसताना काच तडकवतो. साच्यात घालण्याआधी दाणे ८० अंशांना रात्रभर सुकव, नाहीतर वितळताना ओलावा साखळ्या कापतो.

आधी रिकाम्या फ्लास्कवर व्हॅक्युम लावून बघ, आणि दाब कुठवर उतरला ते कळव.

तुझा,
दिगंबर