‘तृतीय रत्न’मधला खर्च गाळू नका: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

११ एप्रिल २०२७ला जोतीराव फुल्यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्ताने सरकारी पैशाने नाटके होतील, शाळाशाळांतून एकांकिका बसतील आणि त्यांत फुल्यांनी लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक असणारच. असायलाच हवे. पण या नाटकाचे जे तुकडे सध्या पाहायला मिळतात, ते बघून हे पत्र लिहायला घेतले. अर्ध्या तासाचा प्रवेश, फाटक्या बंडीतला कुणबी, शेंडीवाला जोशी, थोडा हशा, आणि शेवटी निवेदक माईकवर येऊन सांगतो की अंधश्रद्धा वाईट. झाले नाटक!

माझे म्हणणे असे की हे नाटक ग्रहांबद्दल नाही, खर्चाबद्दल आहे. गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो, पोटातल्या लेकरावर ग्रहांचे संकट आहे म्हणून तिला घाबरवतो, आणि मग अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा असे एकामागून एक सुरू होते. प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. जोडप्याजवळ तो नाही, म्हणून कर्ज. विदूषक मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकाला टोचत राहतो. पुढे पाद्री भेटतो, बोलणे होते, आणि अखेरीस नवरा-बायको सावित्रीबाई-जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. भीती हे नाटकातले हत्यार आहे. त्या हत्याराने लुटले काय जाते, ते या घरातून गेलेल्या पैशावरून कळते. अर्ध्या तासात बसवताना नेमका हाच भाग कापला जातो, कारण त्यात हशा नाही.

हे नाटक १८५५चे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, ज्याला मराठी रंगभूमीचा आरंभ मानतात, त्याला तेव्हा जेमतेम १२ वर्षे झाली होती. रंगभूमीवर देव-राक्षसांची धामधूम चालू असताना २८ वर्षांचा एक माणूस कुणब्याच्या घरातला जमाखर्च घेऊन नाटक लिहायला बसतो. आणि लिहून झाल्यावर ते देतो कुठे? दक्षिणा प्राइज कमिटीला.

मंत्रिमहोदय, इथे जरा थांबावे लागेल. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेले तरी इंग्रजांनी ती प्रथा एका फटक्यात मोडली नाही. त्याच निधीतल्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या, तेव्हा पुण्यात मोठा गहजब झाला. त्या खटपटीतून मराठी पुस्तकांना बक्षिसे देणारी व्यवस्था उभी राहिली. म्हणजे फुल्यांनी दक्षिणेच्या ओझ्यावरचे नाटक दक्षिणेच्याच पैशावर चालणाऱ्या कमिटीपुढे ठेवले. त्यात भाबडेपणा होता असे मला वाटत नाही. कमिटीने ते नापसंत केले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले आहे. नाटक छापून आले ते थेट १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. १२४ वर्षे!

पण त्या निधीत पैसा यायचा कुठून? पेशव्यांच्या तिजोरीत असो की ईस्ट इंडिया कंपनीच्या, भर पडायची ती मुख्यतः शेतसाऱ्याने. पुणे जिल्ह्यात १८३६ साली इंदापूरपासून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली आणि कुणब्याचा सारा रोकड्यात ठरला. पीक बुडाले तरी हप्त्याची तारीख चुकत नाही, मग सावकाराची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. नाटक लिहून झाल्यावर बरोबर २० वर्षांनी, १२ मे १८७५ला, याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटून कर्जाची खतपत्रे जाळली. नाटकातला कुणबी अज्ञानी म्हणून कर्जात गेला, असे म्हणून मोकळे होता येत नाही. तो आधीच काठावर उभा होता, जोशाने फक्त ढकलला. फुल्यांनी १८८२ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे हाच हिशेब सरकारच्या तोंडावर मांडला: सारा भरतो रयत, आणि शिक्षणावरच्या खर्चाचा फायदा जातो वरच्या वर्गांना. नाटकाचा शेवट शाळेत होतो, याचा अर्थ या हिशेबात शोधावा लागतो. स्वतःच्या पैशाचे पुढे काय होते, हे वाचता यावे म्हणून ते दोघे शाळेत निघाले आहेत.

पाद्र्याबद्दलही लिहितो, कारण हल्ली त्याला गुपचूप वगळतात. वाद नको म्हणून. नाटक म्हणून पाहिले तर पाद्र्याचे प्रवेश लांबलेले आहेत हे मला मान्य आहे. तालमीत नटांना तिथे जांभया येतात. पण स्वतः फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि त्या काळी माळ्या-कुणब्याच्या मुलाला दारे उघडी असणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या. पाद्री नाटकात आहे तो त्या वस्तुस्थितीमुळे. शिवाय जोडपे अखेर चर्चच्या नाही, फुल्यांच्या शाळेच्या वाटेला लागते. संकलन करा, कात्री जपून चालवा, पण माणूसच नाहीसा करू नका.

आमची एक छोटी हौशी संस्था आहे. मध्यंतरी पुण्यातल्या जनता वसाहत या झोपडपट्टीतल्या एका समाजमंदिरात आम्ही या नाटकाचे वाचन केले. बसायला सतरंज्या, बाहेर कुकरच्या शिट्ट्या. बहुतेक बाया घरकामाला जाणाऱ्या, सकाळी पाचला उठणाऱ्या. आम्हाला वाटले होते, जोशाला हसतील. हसल्या, पण थोड्या. ब्राह्मणभोजनाची तयारी सुरू झाली तशी पुढे बसलेल्या एकीने वाचन थांबवून विचारले, “एवढं सामान आणलं कशानं? व्याजानंच काढलं असणार. टक्का काय होता?” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता येईना. मग त्यांची आपापसात चर्चा लागली. पोरीच्या लग्नाला काढलेले, दवाखान्याला काढलेले, फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता, एकीचा बुडाला तर बाकीच्या दहाजणींनी भरायचा. पाऊण तास नाटक बाजूलाच राहिले. दिग्दर्शक वैतागला होता. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा तोच सर्वांत चांगला प्रवेश होता.

पुण्याला हे अगदीच नवे नाही. २०१२ साली महापालिकेच्या कामगार युनियनने गो. पु. देशपांड्यांचे फुल्यांवरचे ‘सत्यशोधक’ अतुल पेठ्यांच्या दिग्दर्शनाखाली उभे केले, आणि रंगमंचावर प्रत्यक्ष सफाई कामगार होते. रोज शहराचा कचरा उचलणारी माणसे फुल्यांची वाक्ये बोलू लागल्यावर ‘विषमता’ हे वेगळे समजावून सांगायची गरज उरली नव्हती. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले. तमाशाचा बाज घेऊन भटभिक्षुकी आणि सावकारी यांची खिल्ली उडवणारे ते जलसे चावडीपुढे, जत्रेत, माणसे जिथे असत तिथे होत. ‘तृतीय रत्न’ला एवढी वर्षे प्रयोग लाभला नाही, पण त्याचा वंश तिकडे वाढत होता.

तेव्हा मागणे असे. द्विशताब्दीसाठी महानाट्य, शेकडो कलाकार, घोडे, लेझर असा घाट घालू नये. तेवढ्या पैशात हे नाटक वस्त्यांमधून, बाजारांच्या गावांतून फिरेल. सुप्यापासून सुरुवात केलीत तर फारच बरे. संहिता पूर्ण वापरावी, निदान खर्चाचे आणि कर्जाचे प्रवेश कापू नयेत, अशी अट अनुदानाच्या कागदातच घाला. दुसरे, अनुदान तालमीलाही द्या. रोजंदारीवरच्या नटाचा खाडा होतो तो तालमीला, आणि खाड्याचे पैसे भरून देणारे कुणी नसते. म्हणून शेवटी नोकरदार घरांतली पोरेच कुणब्याचे काम करतात. प्रयोग रात्री साडेनऊला ठेवू नका. साडेसातला सुरू करून नऊच्या आत संपवा.

आणखी एक. बुधवार पेठेतला भिडे वाडा २०२३च्या डिसेंबरात पाडला गेला, तिथे स्मारक व्हायचे आहे. फुल्यांची १८४८ची मुलींची शाळा तिथली, म्हणून पुतळे आणि भित्तिशिल्पे होतीलच. आराखड्यात शंभरएक माणसे जमिनीवर बसतील अशी एक रिकामी खोली ठेवा. एसी नको, मखमली पडदा नको, भाडे नको. संध्याकाळी खोलीची चावी सहज मिळावी, एवढी व्यवस्था असू द्या.

आमच्या तालमी आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर असतात. आपल्या खात्यातले कुणी येऊन पाहणार असेल तर त्याच वेळी यावे. बसायला सतरंजी आहे, चहा आहे.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक हौशी रंगकर्मी