पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र : ही तुटलेली दोरी एकदा हातात घेऊन पाहा

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सादर नमस्कार.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात सूत तपासायचं काम करतो, गेली एकोणीस वर्षं. आजवर मंत्र्यांना सोडा, वॉर्डातल्या नगरसेवकालाही पत्र लिहिलेलं नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आम्ही पिंपं भरून ठेवतो आणि गप्प राहतो. पण गेल्या रविवारी भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

व्हिडिओत कोकणातला तोच किनारा आहे. पॅरासेलिंगची, म्हणजे माणसं टांगून बोट दोरीने ओढते ती, तीच निळी-पिवळी छत्री, एका पाकळीला चौकोनी ठिगळ लावलेली. तीच बोट. कॉलेजच्या दोन मुलींना पट्टे बांधून वर सोडतायत आणि खाली मैत्रिणी टाळ्या वाजवतायत. दिवाळीच्या सुट्टीत याच छत्रीतून माझी बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा खाली पडले. त्यानंतर एका सरकारी कार्यालयाने मला लेखी कळवलं होतं की 'सदर व्यावसायिकाचे काम थांबविण्यात आले असून पंधरा दिवसांत चौकशी पूर्ण करण्यात येईल.' त्या पत्राला अडीच महिने झाले. चौकशीचा कागद आला नाही. छत्री मात्र पुन्हा उडायला लागली.

किनाऱ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या ज्या मावशींच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांनी माझ्या बायकोला फळीवरून गाडीत ठेवताना स्वतःची गोधडी तिच्या अंगाखाली घातली होती. त्यांच्या पोटावर पाय यायला नको.

आमच्यासारख्या माणसाची सहल कशी असते ते सांगतो. वर्षभर दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकायचे. पहाटे तीनला निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठायचं, पुढे आंबा घाट. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पोराने समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दहा मिनिटं काही बोललाच नाही. असा आनंद मी त्याला कधी देऊ शकलो नव्हतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने छत्रीकडे बोट दाखवलं तेव्हा नाही म्हणवलं नाही. एकाचे आठशे, दोघांचे सोळाशे. पावती नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर एका मोबाईल शॉपीचं नाव आलं. वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही, सूचना एकच दिली, "खाली बघू नका, मजा घ्या."

दुपारचे साडेतीन वाजले होते. कोकणात सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जोर धरतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सुरूची झाडं वाकायला लागली होती. वारा मोजायचं कसलंही यंत्र तिथे नव्हतं. बांबूला लाल प्लास्टिकची पट्टी बांधली होती, ती फडफडत होती, एवढंच. बोट वाऱ्यावर वळली, छत्री एकदम वर ओढली गेली आणि पाण्यावर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. दोरी तुटली होती. छत्री वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे यायला लागली. मी खाली धावत होतो, दोन्ही हात वर करून, जणू मी त्यांना झेलणार होतो. सुरूच्या झाडांच्या अलीकडे ओल्या, टणक वाळूवर ती दोघं आपटली. बायको खाली, पोरगं तिच्या अंगावर. पोराचं मनगट मोडलं. तिचा कमरेतला मणका.

आता दोरीबद्दल. या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, कारण या एका गोष्टीतलं मला कळतं.

सगळे बायकोभोवती जमले तेव्हा बोटीवरच्या पोराने दोरीचा तुटलेला शेंडा कापून वाळूत फेकला. तो मी उचलला आणि खिशात घातला. हातभर लांब आहे. एका टोकाला गाठ आहे आणि बरोबर गाठीच्या तोंडाशी ती तुटली आहे. म्हणजे ही दोरी आधीही एकदा तुटली होती आणि गाठ मारून चालवली होती. गाठीने दोरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. आमच्या मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारणाऱ्या नव्या पोरालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाहेरचे पदर उन्हाने पिवळट आणि काटेरी झालेत. बोट फिरवलं की टोचतात, पांढरी भुकटी हाताला लागते. आत मिठाची कणी धरलीय. कारखान्यात रात्रपाळीला मी आतला एक धागा आणि बाहेरचा एक धागा सुटा करून यंत्रावर ओढून पाहिला. बाहेरचा धागा आतल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीलाच तुटला.

साहेब, आमच्याकडे अंग पुसायच्या टॉवेलच्या सुताचीसुद्धा लीची, म्हणजे ठरावीक लांबीच्या लडीची, ताकद काढतात. प्रत्येक लॉटची. कमी भरली तर माल परत जातो, वहीत नोंद होते, खाली माझी सही असते. दोन माणसांचा जीव टांगायच्या दोरीची नोंद या राज्यात कोणाच्या वहीत आहे? त्या वहीवर सही कोणाची आहे?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की छत्रीची ओढ चौपट होते. त्यामुळे सकाळी टिकलेली दोरी दुपारी टिकेलच असं नाही. दोरीचा छत्रीकडचा शेंडा सगळ्यात जास्त झिजतो, तो ठरावीक दिवसांनी कापून टाकायचा असतो आणि ठरावीक फेऱ्यांनंतर अख्खी दोरीच बाद करायची असते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पॅरासेलिंगमध्ये माणसं मेल्यावर २०१४ साली कायदा झाला. तिथे वारा ताशी वीस मैलांच्या, म्हणजे साधारण बत्तीस किलोमीटरच्या वर टिकून राहिला तर छत्री वर सोडता येत नाही. सात मैलांच्या आत वीज दिसली तरी काम बंद. हवामानाची नोंद ठेवायची आणि विमा उतरवायचा, दोन्ही सक्तीचं. आपल्याकडे लाल प्लास्टिकची पट्टी.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. २०१८ साली मुरुडच्या किनाऱ्यावर दोरी तुटून पुण्याचा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवला एका जोडप्याची दोरी तुटली, त्याच महिन्यात अलिबागजवळ वरसोलीला दोन महिलांची. व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिले. ती चौघं वाचली, कारण ती पाण्यात पडली आणि अंगात जॅकेट होतं. माझी बायको वाळूवर पडली. पाणी आणि वाळू यांच्यात एवढाच फरक आहे. म्हणून किनाऱ्यावरून छत्री सोडणं बंद करा, बोटीवरूनच सोडा आणि बोट दोरीच्या लांबीच्या दुप्पट तरी आत असू द्या. वारा किनाऱ्याकडे असेल तर त्याहून जास्त. याला पैसे लागत नाहीत.

बाकी पैशाचं म्हणाल तर तोही हिशेब मी केला आहे. आम्ही रांगेत असताना पाऊण तासात नऊ फेऱ्या झाल्या. दिवसाला साठ धरा, निम्म्या जोडीच्या धरा, सत्तर हजारांच्या वर गल्ला जातो. थोडं इकडेतिकडे असेल, पण फार नाही. दोरीच्या बाजारात मी भाव काढला. एका सकाळच्या गल्ल्यात नवी कोरी दोरी येते, वर चहापाणी उरतं.

आमचा हिशेब वेगळा आहे. बायकोच्या मणक्यात चार स्क्रू आहेत. रुग्णवाहिका, ऑपरेशन, पट्टा, औषधं धरून दोन लाख एकाहत्तर हजार रुपये झाले. त्यातले एक लाख तिचं मंगळसूत्र आणि पाटल्या ठेवून उचलले. ती घरी शेंगाची चटणी करून विकायची. सोलापुरी चटणी मिक्सरमधली चालत नाही, ती उखळात कुटावी लागते, तेल सुटेपर्यंत. बारा वर्षांत तिने पंचेचाळीस गिऱ्हाइकं बांधली होती. आता डॉक्टर म्हणतात, वाकायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही. उखळ कोपऱ्यात उपडं पडलंय. रात्री तिला कुशीवर वळायचं असतं तेव्हा ती मला उठवत नाही, दात दाबून स्वतः वळते आणि तिला वाटतं मी झोपलोय. पंच्याहत्तर वर्षांची माझी आई तिला न्हाऊ घालते आणि रोज मला विचारते, "काय करलालेत रे ते सरकारवाले?" काय सांगू तिला?

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पोराला आकाशपाळण्यात बसवायला नेलं. दरवर्षी हट्ट करायचा. या वेळी पाळण्याखाली उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, "पप्पा, याचे नट कोण बघतं?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तसेच परत आलो.

बोटवाल्याने त्या संध्याकाळी मला सोळाशे रुपये परत देऊ केले. तेवढीच त्याची भरपाई.

पुढचं तुमच्या खात्यांबद्दल आहे. पोलीस ठाण्यात नुसता अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही, म्हणाले पाण्यातलं काम दुसरे बघतात. दुसऱ्यांनी सांगितलं, आम्ही बोटीला परवाना देतो, छत्रीला नाही. तिसऱ्यांनी सांगितलं, वाळूवरचा स्टॉल आमच्याकडे, त्यापुढचं आमच्याकडे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. त्यात जमीन, पाणी आणि हवा असे तीन भाग केले, नोंदणी सक्तीची केली. मी ते वाचलं आहे, चांगलं लिहिलं आहे. पण माझी बायको वाळूवरून निघाली, पाण्यावरून ओढली गेली, हवेतून पडली आणि पुन्हा वाळूवर आली. तीन भागांत तिची जबाबदारी कोणी घेतली नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे बोट चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं शिक्षण देतात. आपल्या किनाऱ्यावर दोर धरणाऱ्यांपैकी किती जण तिथून शिकून आलेत, हे गावागावाच्या यादीनिशी जाहीर करा. प्रत्येक स्टॉलवर नोंदणी क्रमांक, विम्याची मुदत आणि दोरी बदलल्याची तारीख मराठीत, हातभर अक्षरांत लावायला लावा. नोंदणी नसेल तर बोट जप्त करा. रस्त्यावर हेल्मेट नसलं तर पाचव्या मिनिटाला चलन येतं, मग इथेच तुमचे हात का बांधलेले असतात?

हे फक्त कोकणाचं दुखणं आहे असंही समजू नका. आमच्या उजनी धरणावर जलपर्यटन आणायच्या घोषणा आम्ही ऐकतो आहोत. याच उजनीत २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान लेकरंही होती. ती सहलीला निघालेली नव्हती, रोजच्या वाटेने पलीकडे जात होती. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. प्रत्येक वेळी पुढारी किनाऱ्यावर उभे राहतात, फोटो निघतात, आठवडाभर बोटी बंद राहतात आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा सुरू होतात. आमच्या जिवाची किंमत या राज्यात फक्त एका बातमीएवढी उरली आहे. पूल पडतो, होर्डिंग पडतं, बोट उलटते, दोरी तुटते, आणि चौकशी कुठल्या टेबलावर अडकली ते आम्हीच शोधत फिरायचं. उजनीवर छत्री आणायची असेल तर जरूर आणा, आमच्या पोरांना रोजगार मिळेल. पण आधी वारा मोजायचं यंत्र आणा, बचाव बोट आणा, आणि दोरीच्या वहीवर सही करणारा एक माणूस नावानिशी नेमा.

मला भरपाई मागायची आहे का? हो, मागायची आहे. दोन लाख एकाहत्तर हजारांची बिलं माझ्याजवळ फाईलला लावून ठेवलेली आहेत. पण त्याआधी ती निळी-पिवळी छत्री खाली उतरवा. उद्याच उतरवा. शनिवार-रविवार आला की माझ्या पोटात गोळा येतो.

दोरीचा तुकडा या पत्रासोबत पाठवत नाही, तो एकच पुरावा आहे. तुमच्या खात्यातल्या कोणाही अधिकाऱ्याला सोलापूरला पाठवा. मी सकाळी आठ ते चार पाळीवर असतो. दोरीतले धागे अजून शिल्लक आहेत. त्यांच्यासमोर यंत्रावर लावून दाखवतो.

आपला,
सोलापुरातला एक सूत तपासनीस