टेरेसवरचं ठिबक : कोटेशन पास करण्याआधी एवढं वाचा

अध्यक्ष काका, नमस्कार,

मागच्या मीटिंगमधे कुंड्यांवरून जे झालं ते झालं. ४०२ च्या छताला ओल आलीय, मी पण बघून आले, त्यांचं चिडणं बरोबरच आहे. पण कुंड्याच उचला हे काय मला पटलं नाही. आपण पाइप सोडून गप्पा मारत बसतो त्याचं काय? परवा बादली लावून बघितलं, १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते आणि आपला पाइप रोज पंचवीस मिनिटं चालू असतो, म्हणजे झालं २५० लिटर, आणि कुंड्या किती तर ३८. बाकीचं सगळं स्लॅबवरच ना.

ठिबक करायचं ठरलं ते बेस्ट, फक्त आलेलं कोटेशन तसंच पास करू नका प्लीज. त्यात टेरेसला पीसी ड्रिपर (ड्रिपर म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड) आणि सोलेनॉइडवाला, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा टायमर धरलाय. पीसी म्हणजे प्रेशर कमीजास्त झालं तरी सारखंच पाणी देणारे, वस्तू चांगलीय, पण त्याला आधी प्रेशर तर पाहिजे! १० मीटर उंचीवरून पाणी आलं की एक किलो प्रेशर मिळतं, आपली टाकी कुंड्यांच्या वर जेमतेम २ मीटर, म्हणजे ०.२ किलो. एवढ्यावर ते ड्रिपर धड चालत नाहीत, आणि बरेचसे सोलेनॉइड पण उघडत नाहीत. टायमर हवाच असेल तर बॉल व्हॉल्व्हवाला घ्या, तो कमी प्रेशरवर पण उघडतो, नाहीतर हाताने कॉक फिरवू की, कोण एवढं बिझी आहे आपल्यात.

तासगावला मामांची द्राक्षबाग आहे, तिथून ४ लिटरवाले साधे ड्रिपर आणि थोडी १६ एमएमची काळी लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवायची नळी, आणली आणि टाकीखालच्या नळाला माझ्या ६ कुंड्या जोडून बघितल्या (न विचारता जोडल्या, सॉरी). ड्रिपरवर तासाला ४ लिटर लिहिलंय ते एक किलो प्रेशरचं, आपल्याकडे खाली बाटली लावून मोजलं तर अर्ध्या तासात ९०० मिली आलं. कुंडीला लिटरभर पुरे, म्हणजे पस्तीस मिनिटं चालवलं की काम झालं, सगळ्या मिळून ४० लिटरसुद्धा नाही. कोरफडीला ड्रिपर लावायचाच नाही, ती कुजते. आणि चालवायचं ते सकाळी लवकर, एप्रिलमधे दुपारी त्या नळीतलं पाणी चहा करण्याइतकं तापतं.

कोटेशनमधे फिल्टरच नाहीये, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. टाकीतला गाळ आला की ड्रिपर बंद. १२० मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा, स्क्रीन फिल्टर पाहिजेच. तरी आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार किती आहेत ते नळांवरचे पांढरे डाग बघून कळतंच, ते विरघळलेले असतात, फिल्टरमधे अडकत नाहीत, म्हणून उघडून साफ करता येणारेच ड्रिपर घ्यायचे, चोंदले की रात्रभर व्हिनेगरमधे टाकायचे. पंधरा दिवसांनी नळीच्या टोकाची एंड कॅप काढून नळी धुवायची, ते मी करेन, लिहून घ्या. पांढरी ट्रान्सपरंट नळी स्वस्त मिळते म्हणून कुणी आणू नका, उन्हात आत शेवाळ धरतं.

खालच्या मेंदीच्या कुंपणाला मात्र पीसी चालतील, तिथपर्यंत चार मजल्यांची उंची मिळते. ते नंतर बघू.

आत्ता फक्त टाकीच्या आउटलेटला एक टी (फाटा काढायचा जोड) आणि कॉक बसवायची परवानगी हवीय, महिनाभर ट्रायल, ओल वाढली तर मी स्वतः सगळं काढून टाकेन. पावसाळ्यात मात्र हे बघू नका, तेव्हा ओल कशाने आली हे कुणालाच सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी ८ ला वर या, ४०२ च्या काकांना पण आणा, माझ्या ६ कुंड्यांखालचा स्लॅब हात लावून बघा. टेरेसची चावी तुमच्याकडे आहे की वॉचमनदादांकडे तेवढं कळवा.

३०४ मधून