कास्काव्हेलच्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते आपल्याकडच्या चार आईबापांनी वाचावं असं फार वाटतं, म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही.

जुलै २०१९ मध्ये हिंदी महासागर द्वीप क्रीडास्पर्धा मॉरिशसला भरल्या. १९ ते २८ तारखेपर्यंत सगळा देश रस्त्यावर होता. मॉरिशस, रीयुनियन, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मायोत आणि मालदीव अशी सात बेटं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा तिथल्याच क्वात्र बोर्न शहरात राहत होतो. लेक अकरा वर्षांची. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे ती व्हीलचेअरवर असते. पुण्यात शाळेच्या क्रीडादिनाला तिला बक्षिसांच्या टेबलाशी बसवायचे, कप पुसून रांगेत मांडायला. हेतू वाईट नव्हता कोणाचा, पण मैदान आपलं नाही हे ती तिथंच शिकली होती.

बाम्बू नावाच्या गावातल्या स्टेडियममध्ये आम्ही ॲथलेटिक्स बघायला आलो तेही मीच हट्ट केला म्हणून. शर्यत सुरू झाली की पुढचे सगळे उठून उभे राहायचे. झेंडे, ढोल, ‘आले मोरीस’ म्हणजे ‘चल मॉरिशस’चा गजर, आणि माझ्या लेकीच्या डोळ्यांसमोर नुसत्या पाठी. लोकांचं तरी काय चुकलं? आनंदात कोण बसून राहील! मी तिला उचलून घ्यायला लागले तेवढ्यात तुम्ही आलात, गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र अडकवलेलं. तुम्ही तिला उचलू दिलं नाहीत. पुढच्या लोकांशी तिथल्या क्रेओल भाषेत दोन वाक्यं बोललात आणि गर्दी दुभंगली. खुर्ची थेट कठड्याला लागली. आमचं बोलणं ऐकून मराठीत विचारलंत, “बाय, आता दिसतंय ना?”

मी चाटच पडले. तुमचं कास्काव्हेल गाव तिथून जवळच, आणि तिथं कोकणातून गेलेल्यांची मराठी घरं आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. पण चार पिढ्यांनंतरही ‘बाय’ असं रत्नागिरीसारखं कानावर येईल हे ध्यानीमनी नव्हतं.

मग ती शर्यत झाली. तीन चाकांच्या त्या लांबट खुर्च्या, पुढचं चाक पार पुढे गेलेलं, खेळाडू गुडघ्यांवर दुमडून जवळजवळ पालथे. रबरी हातमोज्यांनी चाकाच्या कडीवर ठोसे मारत ते कठड्याजवळून गेले तेव्हा तो टपटप आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. रिओ पॅरालिम्पिकला जाऊन आलेल्या नोएमी आल्फोन्सच्या नावानं सगळं स्टेडियम ओरडत होतं. लेकीनं मला विचारलं, “हे खरं मेडल असतं का?” उत्तर तुम्ही दिलंत. इथं दिव्यांगांच्या शर्यती मागाहून, वेगळ्या उरकत नाहीत. तोच ट्रॅक, तोच दिवस आणि पदकं देशाच्या त्याच तक्त्यात. त्या वर्षी मॉरिशस पहिला आला, त्या बेरजेत या खुर्च्यांवरची पदकंही आहेत. साडेबारा लाख वस्तीच्या देशाला हे सुचतं, जमतं. आपल्याला का जमू नये, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

तुमच्याकडून त्या आठवड्यात किती ऐकलं! १९७९ला रीयुनियनला सुरुवात, मग १९८५ला पहिल्यांदा मॉरिशसला. तेव्हा तुम्ही पोरगेलेसे होतात. धावपटू मरीझ जुस्टिनबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलायचा, रेद्वीचं स्टेडियम तिच्या नावाचं आहे हे तुम्ही अभिमानानं सांगितलंत. फुटबॉलची अंतिम लढत रीयुनियनकडून पेनल्टीवर हरलो त्या रात्रीचा तुमचा फोनही आठवतो. इतक्या सुवर्णपदकांनी ते दुःख भरून निघालं नव्हतं!

पण खरे आभार स्पर्धा संपल्यानंतरचे आहेत. पाहुणे गेले, मांडव उतरले, आणि तुम्ही पुढच्याच शनिवारी दारात हजर. “सरावाला येते का बाय?” कुठल्याशा खेळाडूची जुनी खुर्ची तुम्ही मिळवली होती. ती तिला मोठी होत होती. साखर कारखान्यात आयुष्यभर फिटर होतात, त्यामुळे मापाची टेप खिशातच. बसायच्या जागी फोम कापून बसवलात, मांड्यांचा पट्टा दोन भोकं आत घेतलात, चाकांचं बेअरिंग धुऊन ग्रीस भरलंत. मी पैशांचं विचारलं तर हात झटकून “पेना प्रोब्लेम!”, म्हणजे काही अडचण नाही, आणि काकूंनी आतून दालपुरी आणून दिली. विषय संपला.

नंतर तिच्या तळहातांना फोड आले, खांदे दुखले, एकदा वळणावर खुर्ची उलटली. मी धावले, तुम्ही मला हातानं थांबवलंत. दुसऱ्या एखाद्या पोराच्या आईला जितकं थांबवलं असतंत तितकंच. या मुलीची कोणी कीव करायची नाही, हे तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत. फक्त तसं वागलात.

२०२४ला पॅरिसमध्ये योव्हानी फिलीपनं मॉरिशसला पॅरालिम्पिकचं पहिलं पदक मिळवून दिलं तेव्हा आम्ही पुण्यात परतलो होतो. लेक इतकी ओरडली की शेजारचे विचारायला आले. ती सराव करते आहे, काका. पहाटे उठवावं लागत नाही. इथं ट्रॅक मिळवायला खटपट पडते, पण अर्ज लिहायला आता तीच बसते.

तुमच्या त्या खुर्चीत ती मावत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका धाकट्या मुलाला ती बसते आहे, पण पट्टा पुन्हा आत घ्यावा लागेल आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय. बेअरिंगचं माप व्हॉट्सअॅपवर कळवा. गणपतीनंतर काकूंना घेऊन पुण्याला या, दोघांच्या तिकिटांचं आम्ही बघतो. यावर मात्र तुमचं ‘पेना प्रोब्लेम’ चालणार नाही.

तुमची,
बायची आई